‘ह्यात काय हाय, एवढंच सांगा’ : राजारामपुरीतल्या रविवारच्या वर्गाबद्दल

कोल्हापूरच्या राजारामपुरीत रविवारचा एक वर्ग भरतो. पार्लरवाल्या बायका, स्किन क्लिनिकमध्ये ‘कन्सल्टंट’ म्हणून बसणाऱ्या मुली आणि जेन्ट्स सलूनवाले यांच्यासाठी. सौंदर्याच्या धंद्यात कायदा काय सांगतो, आणि कायदा गप्प बसतो तिथे आपण नीट कसं वागायचं, एवढाच विषय. चार रविवार, सकाळी दहा ते एक, फी साडेतीन हजार रुपये. मी मार्गशीर्षात हा वर्ग पुरा केला. मंगळवार पेठेत माझं पार्लर आहे, अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत मेकअपचे, केसांचे, नखांचे मिळून अकरा कोर्स केले, त्यांची सर्टिफिकेटं भिंतीवर आहेत. त्या अकरांत जे कुणी सांगितलं नाही ते इथे कळलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मी का गेले ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वरवरचं वाटेल.

दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत कागलकडची एक मुलगी माझ्याकडे यायची. सावळी, देखणी, लग्नाला दोन महिने होते. ‘ताई, जरा उजळ करा की’ म्हणाली. मी तिला पांढऱ्या डबीतली एक नाइट क्रीम दिली. ठोक बाजारातून आणलेली, वर एक सोनेरी स्टिकर, बाकी काही नाही. एकशे ऐंशी रुपये. तीन आठवड्यांत चेहरा असा उजळला की तिच्या दोन चुलतबहिणींनीही डबी नेली. मग तिची क्रीम संपली आणि चार दिवस मिळाली नाही. त्या चार दिवसांत गाल लाल झाले, आग व्हायला लागली, हनुवटीवर पुटकुळ्यांचा सडा आणि बारीक लव. हळदीला अकरा दिवस राहिले होते. मी घाबरून तिला सीपीआरच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, त्वचाविभागात न्यायला सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई आली. भांडली नाही. रिकामी डबी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, ‘डॉक्टर इचारतायत. ह्यात काय हाय, एवढंच सांगा.’

मला सांगता आलं नाही. मलाच माहीत नव्हतं. त्या बाईनं डबी परत पिशवीत घातली आणि गेली. तेव्हापासून तसली डबी मी विकली नाही, पण नक्की चुकलं काय आणि किती, हे कुणाला विचारायचं तेही कळत नव्हतं.

यंदा माझ्या बहिणीची मुलगी म्हणाली, ‘मावशी, असा एक वर्ग आहे, चल.’ ती ताराबाई पार्कातल्या एका क्लिनिकमध्ये कन्सल्टंट आहे. कन्सल्टंट म्हणजे दारात हसून बसवणारी, चेहरा मशीनखाली दाखवणारी, पॅकेज समजावणारी आणि पैसे भरून घेणारी. बी.कॉम. झालेली पोर. अंगात पांढरा कोट. पेशंट तिला ‘मॅडम’ म्हणतात, निम्मे ‘डॉक्टर’ म्हणतात, आणि ‘म्हणतील तर म्हणू दे, दुरुस्त करू नको’ अशी तिला सूचना आहे. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. हे एकाच ठिकाणी चालतं असंही नाही.

पहिला रविवार या कोटापासूनच सुरू झाला. शिकवायला वकीलबाई होत्या. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्यापासून त्यांची धावपळ वाढली आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी पाऊण तास उशीर झाला. पण बोलायला लागल्या आणि सभागृह गप्प झालं. त्यांनी फळ्यावर एक उभी रेघ मारली. डावीकडे आपलं काम, उजवीकडे डॉक्टरचं. मग एकेकीला उठवून विचारायला लागल्या. थ्रेडिंग कुठं? वॅक्स कुठं? ब्लीच? डी-टॅन? इथपर्यंत सगळ्या पटापट. केमिकल पील म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. डर्मा रोलरवर, म्हणजे बारीक सुयांच्या रोलरवर, दोन गट पडले. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला भाग काढून टोचायचा), बोटॉक्स, फिलर, उजळपणाचं इंजेक्शन हे आल्यावर एक जण हळूच म्हणाली, ‘आमच्याकडे पुण्याची मुलगी येते महिन्यातनं एकदा, ती करते.’ वकीलबाईंनी विचारलं, ‘ती डॉक्टर आहे का?’ उत्तर आलं नाही.

त्यांनी कलम वाचून दाखवलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९, कलम ३४. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याच आयोगानं २०२२ मध्ये केसरोपण आणि सौंदर्य-शस्त्रक्रियांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्हिडिओ बघून किंवा कार्यशाळेत नुसतं पाहून हे शिकता येत नाही असं स्पष्ट म्हटलंय. आणि सौंदर्यप्रसाधन म्हणजे काय, याची व्याख्या १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आहे: अंगाला चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं, लावायचं ते. सुईनं आत टोचायचं ते या व्याख्येत येतच नाही. त्यामुळे ‘ब्युटी इंजेक्शन’ या नावाला कायद्यात घर नाही. ग्लुटाथिओन टोचून गोरं करतात, त्या कामासाठी आपल्याकडे त्याला मंजुरी नाही.

मग त्यांनी अमेरिकेतली एक हकिकत सांगितली. न्यू मेक्सिको राज्यातला परवाना नसलेला एक स्पा. रक्त काढून, त्यातला भाग सुयांनी चेहऱ्यात घालायचं फेशियल तिथं चालायचं. २०१८ मध्ये तिथल्या एका बाईला एचआयव्ही झाल्याचं कळलं, स्पा बंद झाला, आणि पुढच्या तपासात आणखी गिऱ्हाइकांची लागण त्याच ठिकाणाशी जोडली गेली. माझ्या शेजारी गडहिंग्लजची एक बाई बसली होती. तिनं बॅगेतला डर्मा रोलर काढला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, ‘एकच रोलर. सगळ्यांना. स्पिरिटनं पुसून.’ तिचे डोळे भरले होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि कोर्सवाल्यांनी तिच्याकडून चाळीस हजार घेतले होते.

भाचीच्या कोटाचा निकालही त्याच दिवशी लागला. कोट घालणं हा स्वतः गुन्हा नाही, पण समोरच्याची ‘ही डॉक्टर आहे’ अशी समजूत झाली आणि आपण ती राहू दिली, तर तिथून फसवणूक सुरू होते. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावायचा असतो, चिठ्ठीवर लिहायचा असतो, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो कुणालाही ताडून बघता येतो. भाचीनं तिथंच मोबाईल काढला. क्लिनिकच्या बोर्डावरचे डॉक्टर खरेच नोंदणी असलेले निघाले, त्याचं मला समाधान वाटलं. पण ते आठवड्यातून दोनच दिवस येतात. बाकीचे पाच दिवस कोण काय करतं, हे ती पोर सांगायला लागली आणि मधेच थांबली.

दुसरा रविवार माझ्यासाठी सगळ्यात मोठा. त्या एका दिवसासाठीही साडेतीन हजार द्यायला मी तयार आहे. अन्न व औषध प्रशासनातून निवृत्त झालेले एक साहेब आले होते. साधा बुशशर्ट, हातात भिंग. म्हणाले, ‘आपापल्या पार्लरमधल्या क्रीमा आणल्यात ना? टेबलावर ओता.’ बावीस बायका आणि तीन पुरुष, टेबल भरून गेलं. त्यांनी प्रत्येक ट्यूब, प्रत्येक डबी उचलली आणि ज्याची त्याला वाचायला लावली. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता आहे का? उत्पादन परवाना क्रमांक? बॅच नंबर? कधीपर्यंत वापरायचं? घटकांची यादी? बाहेरदेशची असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक? सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यात हे सगळं लागतं. यातलं एखादं नसेल तर डबी डाव्या बाजूला. तासाभरात डावी बाजू जास्त भरली. कोरियन म्हणून विकत घेतलेली सीरमची पाकिटं होती, त्यावर आयात करणाऱ्याचा पत्ता सोडा, मराठी-हिंदी-इंग्रजी एक अक्षर नव्हतं.

मग उजवीकडच्या ढिगातून त्यांनी चार ट्यूब वेगळ्या काढल्या. या सगळ्या परवानाधारक कंपन्यांच्या होत्या, घटक छापलेले होते, पण त्यांवर लाल रेघ होती. ‘ही क्रीम नाही, हे औषध आहे,’ साहेब म्हणाले. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. स्टेरॉइड. चेहऱ्याला लावायची जी तिहेरी क्रीम मिळते, त्यात मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. २०१८च्या मार्चमध्ये सरकारनं चौदा स्टेरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये नेली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्यातल्या किमान दहा जणी ती ‘डागाची क्रीम’ म्हणून देत होत्या. केमिस्टकडून घेतलेली, एमआरपीवर वीस रुपये चढवून.

साहेबांनी स्टेरॉइड चेहऱ्यावर काय करतं तेही समजावलं. सुरुवातीला रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, रंग फिकट दिसतो, सूज उतरते, म्हणून गिऱ्हाईक खूश. त्याच वेळी कातडी पातळ होत जाते. नसा दिसायला लागतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात. आणि थांबवलं की आकसलेल्या वाहिन्या एकदम फुलतात, आग होते, लाल होतं, म्हणून माणूस परत तीच क्रीम लावतं. या चेहऱ्याला त्वचारोगतज्ज्ञांनी नाव दिलेलं आहे: स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा. ते एकेक लक्षण सांगत होते आणि मला कागलच्या त्या मुलीचे गाल दिसत होते. तीन आठवडे. चार दिवसांचा खंड. लाली. लव. एकही खूण चुकली नाही. दोन वर्षांनी मला त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, बहुतेक तरी. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय खात्रीनं उत्तर देता येणार नाही, हे साहेबांनी मला मधल्या सुट्टीत सांगितलं. पण ‘तुमचा अंदाज बरोबर वाटतो’ असंही म्हणाले.

पाऱ्याचा भाग त्याहून भयंकर होता. पारा त्वचेतला रंग तयार करणारं विकर अडवतो, म्हणून माणूस गोरं दिसतं. पण तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडाला धरतो. नियमाप्रमाणे सौंदर्यप्रसाधनात पारा घालताच येत नाही. नकळत राहिलेला अंश दहा लाख भागांत एक भाग एवढाच चालतो, डोळ्यांभोवतीच्या वस्तूंत सत्तर. केरळात मलप्पुरमच्या बाजूला डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या १५ जणांत एक दुर्मिळ प्रकार निघाला, आणि त्या पंधरांपैकी तेरा जण गोरं करणारी क्रीम वापरत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला. हे ऐकल्यावर जेन्ट्स सलूनवाले शिवाजी पेठेतले काका उठले आणि म्हणाले, ‘साहेब, माझ्या दुकानात असल्या सहा डब्या हायत. त्यांचं काय करू? कचऱ्यात टाकली तर म्हशी खातील.’ साहेबांनी त्यांना डब्या तशाच बांधून, कुठून घेतल्या ते लिहून, अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्यायला सांगितलं. काका ते लिहून घेत होते. अशा माणसांबरोबर शिकायला मिळालं याचा मला अभिमान वाटतो.

तिसरा रविवार संमती, फोटो आणि जाहिरात. यात वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा एक निकाल सांगितला. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय डॉक्टरांनी तिला न विचारता काढलं, आणि न्यायालयानं ठरवलं की एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. कुठं ते ऑपरेशन आणि कुठं आमचं पार्लर, असं वाटेल. पण आमच्या खुर्चीवर रोज काय होतं? गिऱ्हाईक क्लीनअपला येतं, डोळ्यांवर कापसाचे बोळे ठेवले की मुलगी म्हणते, ‘मॅडम, थोडं ब्लीच पण टाकते हं, छान दिसेल.’ डोळे मिटलेलं माणूस ‘बरं’ म्हणतं. ती संमती नव्हे. वकीलबाईंनी आम्हाला जोड्या करून हे करून बघायला लावलं. एक खुर्चीत डोळे मिटून, दुसरी विचारणार. मी खुर्चीत बसले होते. आडवं पडून, डोळे झाकलेले, कुणीतरी वरून विचारतंय, तेव्हा नाही म्हणायला किती जड जातं ते मला अठरा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

फोटोंचंही तसंच. नवरीचे आधीचे-नंतरचे फोटो आम्ही सरसकट टाकतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, ग्राहकानं विश्वासानं दिलेली खासगी माहिती दुसऱ्याला सांगणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिल न देणं, हीसुद्धा. आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणानं, कशासाठी ते सांगून घ्यायची आणि माणसाला ती मागं घेता आली पाहिजे असं आहे. अठराच्या आतली मुलगी असेल तर आईवडिलांची. दहावीतल्या मुलींचे मुरुमांचे फोटो लावलेले किती बोर्ड आपण महाद्वार रोडवरून जाता-येता बघतो, आठवून बघा.

जाहिरातीबद्दल थोडक्यात सांगते. ‘शंभर टक्के खात्री’, ‘सात दिवसांत गोरेपण’, ‘कायमचे’ हे शब्द दिशाभूल करणारे ठरू शकतात, आणि त्यांना पुढे करणाऱ्या रीलवाल्या मुलामुलींनाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. कोड, लठ्ठपणा, स्तनांचा आकार यांवर औषधाची जाहिरात करणं १९५४च्या कायद्यानं बंदच आहे.

याच दिवशी एक त्वचारोगतज्ज्ञ बाई तासभर आल्या होत्या. त्यांनी कायदा सांगितला नाही. त्यांनी एका प्रकारच्या गिऱ्हाइकाबद्दल सांगितलं: चेहऱ्यात काही खोट नसते, तरी दर आठवड्याला नवी खोट घेऊन येतं, आरसा सोडत नाही, कितीही केलं तरी समाधान नाही. हा मनाचा आजार असू शकतो, बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर. अशा माणसाला पॅकेज विकणं म्हणजे तापलेल्या अंगाला चटका देणं, असं त्या म्हणाल्या. माझ्या भाचीनं तेव्हा हात वर केला आणि आपल्या क्लिनिकचा कागद वाचून दाखवला. कन्सल्टंटनं काय बोलायचं त्याचे संवाद छापील मिळतात. त्यातला एक प्रश्न असा होता: ‘या डागांमुळे स्थळं परत जातात का?’ हा प्रश्न विचारायचा, आणि पोरगी गप्प झाली की पॅकेजचा कागद पुढं सरकवायचा. महिन्याचं टार्गेट चार लाख. भाची वाचत होती आणि तिचा आवाज कापत होता. डॉक्टरबाईंनी तिला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, ‘हा प्रश्न तू विचारू नकोस. नोकरी गेली तर मला फोन कर.’ शिकवणाऱ्यानं असं उभं राहणं मी फार कमी बघितलंय.

चौथा रविवार पैशाचा आणि कागदपत्रांचा, आणि तोच सगळ्यात कच्चा. दुकान नोंदणीबद्दल बोलले: ठराविक संख्येपेक्षा कमी माणसं असतील तर २०१७च्या कायद्याप्रमाणे नुसतं कळवायचं असतं. हे बऱ्याच जणींना ठाऊक नव्हतं, चांगलं झालं. पण वाटलेल्या नोट्समध्ये पार्लरच्या सेवेवर अठरा टक्के जीएसटी छापलेला होता. २२ सप्टेंबर २०२५पासून तो पाच टक्के झाला आहे, मालावर भरलेल्या कराची वजावट मात्र मिळत नाही. मी उठून सांगितलं. त्यांनी मान्य केलं आणि फळ्यावर दुरुस्त केलं, पण कायद्याच्या वर्गाचा कागद तीन महिने जुना असू नये. शिवाय सगळ्या नोट्स इंग्रजीत. इचलकरंजीच्या दोघी बहिणी आठवीपर्यंत शिकलेल्या, हातात कला अशी की बघत राहावं. त्यांनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, तो तिथंच राहणार. ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यासाठी मराठी कागद हवा, हे मी शेवटच्या दिवशी लेखी दिलंय.

त्या दिवसाचा एक भाग मात्र मला लागला. कमिशनचा. २००२च्या वैद्यकीय नीतिनियमांप्रमाणे डॉक्टरांनी रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन द्यायचंही नाही आणि घ्यायचंही नाही. एका ठिकाणी नवरी पाठवली की मला पाचशे रुपये मिळायचे. मी त्याला ‘ओळखीचं पाकीट’ म्हणायचे आणि हाताखालच्या मुलींच्या दिवाळीत घालायचे. वकीलबाई म्हणाल्या, ‘तुम्ही डॉक्टर नाही, हा नियम तुमच्यावर नाही. पण त्या नवरीला सांगितलं होतंत का, की हिला पाठवल्याचे मला पैसे मिळतात?’ नव्हतं सांगितलं. पाकीट बंद केलं. मुलींना दिवाळीचे पैसे आता गल्ल्यातून जातील.

आणखी काही तक्रारी. सभागृह दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होतो. प्रोजेक्टर दोनदा बंद पडला. हाताखालच्या मुलींच्या पगाराबद्दल, त्यांच्या सुट्ट्यांबद्दल एक शब्द नाही, हे मला खटकलं. ज्या मुलीला महिन्याला सहा हजार आणि वर विक्रीवर टक्केवारी मिळते, ती गिऱ्हाइकाला खरं सांगेल अशी अपेक्षा करायची तर तिच्या पोटाचंही बोलायला हवं. क्लिनिकमधल्या सुया-ब्लेड टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात टाकायच्या, हा २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांचा भाग दहा मिनिटांत उरकला. त्याला अर्धा दिवस हवा होता.

वर्ग संपल्यावर माझ्या पार्लरमध्ये काय बदललं ते सांगते. लेबल नसलेली एकही डबी आता नाही. लाल रेघेच्या ट्यूब केमिस्टला परत करायला नेल्या, त्यानं दोन घेतल्या, तीन घेतल्या नाहीत, त्या वाया गेल्या. केस रंगवायला येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला आधी कानामागं थेंब लावून अठ्ठेचाळीस तास थांबवते. लग्नाच्या सीझनमध्ये यानं गिऱ्हाईक तुटतं, तुटलंही. एक मराठी कागद केलाय, एका पानाचा: काय करणार, त्यात काय आहे, काय त्रास होऊ शकतो, किती पैसे, फोटो टाकू की नको. खुर्चीत बसायच्या आधी वाचून दाखवायचा, डोळे उघडे असताना. ‘एकदा भरलेले पैसे परत मिळणार नाहीत’ ही पाटी काढली. तसली पाटी लावली म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही. त्याला ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर सांगता येतं, दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी पडत नाही. हे मी आता गिऱ्हाइकालाच सांगते.

भाचीनं कोट घालणं सोडलं. मॅनेजर रागावले, मोठ्या डॉक्टरांनी तिची बाजू घेतली. तो संवादांचा कागद अजून आहे, पण तो एक प्रश्न ती वगळते. टार्गेट गेल्या महिन्यात चुकलं.

आणि मी कागलला जाऊन आले. दुसऱ्या रविवारच्या पुढच्या गुरुवारी, दुपारची एसटी धरून. त्या मुलीचं लग्न होऊन ती निपाणीला असते. आई घरी होती. मी सगळं सांगितलं: डबीत बहुतेक स्टेरॉइड होतं, ते काय करतं, ते मी न बघता विकलं, आणि तिच्या चुलतबहिणींनीही लावलं असेल तर त्यांनी एकदम बंद न करता आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखवावं. त्या ऐकत होत्या. मग आत गेल्या, वहीचं एक पान आणि पेन घेऊन आल्या, माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, ‘नाव लिवून द्या औषधाचं. तिच्या गालावर उन्हात अजून लाल येतंय, तिकडच्या डॉक्टरास्नी दाखवंल ती.’

मी तीन नावं लिहिली, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, ‘यांपैकी एक असावं, तपासलेलं नाही’ असं पुढं लिहिलं, आणि खाली माझं नाव, पार्लरचा पत्ता आणि सही केली.

पुढची तुकडी माघात सुरू होते. मराठी नोट्स मिळणार का, ते नाव घालताना विचारून घ्या. माझ्या हाताखालच्या दोन्ही मुलींची फी मी भरली आहे.